न सांडलेलं पाणी

लोणखेड्यात कुणाला बैल घ्यायचा असो, ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, सुकलाल पाटलाला सोबत नेल्याशिवाय सौदा पुरा होत नसे. आता बैल फारसे उरले नाहीत, ट्रॅक्टर शोरूममधून हार घालून येतात, तरी "सुकलाल आप्पानी देखं का?" हा प्रश्न गावात अजून विचारतात. त्याची बघण्याची तऱ्हाही निराळी. बैल उभा असताना तो बघायचाच नाही, वळताना बघायचा. ट्रॅक्टर चालू होताना ऐकायचा नाही, बंद होताना ऐकायचा. आणि जे जे चाकांवर चालतं त्याच्यासाठी त्याच्याकडे एकच कसोटी होती. पितळेचा पेला.

हा पेला त्याच्या आजोबांपासूनचा. काठाला बोटभर कमी असा पाण्यानं भरायचा, समोर ठेवायचा आणि नेहमीच्या वाटेनं गाडी नेऊन आणायची. परतल्यावर पेल्यात किती पाणी उरलं त्यावरून सुकलाल निकाल द्यायचा, आणि त्या निकालावर अपील नसे. कॉलेजात शिकणारे भाचे चिडवायचे, "मामा, आते गाड्यासले सस्पेन्शन ऱ्हास." त्यावर "मंग पेलाले काबर भ्यातस?" मग पेल्याला का घाबरतात, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

अशा माणसाची एक पारख चुकली, आणि ती बाजारात नाही, घरातच चुकली.

त्याची बायको जसोदाबाई तीन वर्षांपासून डायलिसिसवर होती. दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. सुकलाल आपलं एक द्यायला निघाला, तर तपासणीत त्याचीच साखर निघाली. मुलगा हेमकांत पुढे झाला, तर जसोदाबाईनं त्याच्याशी महिनाभर अबोला धरला आणि तो विषय तिथंच मिटला. जवळपास कुठे जागा मिळाली नाही म्हणून नंदुरबार ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. जायला एक्केचाळीस किलोमीटर, यायला एक्केचाळीस, मध्ये चार तास मशीनवर.

या आजाराचे नियम विचित्र. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यात चहा आणि वरणही धरायचं. केळं तर तोंडालाही लावायचं नाही. आता ज्या घरामागे चार एकर केळी उभी आहेत, त्या घरातल्या बाईला केळं बंद, हा काय न्याय झाला? पण जसोदाबाई तक्रार करत नसे. सकाळी एक छोटी बाटली भरून घ्यायची आणि दिवसभर त्यातून घोट घोट प्यायची. संध्याकाळी बाटलीत थोडं उरलेलं असलं तर सुकलाल खूष व्हायचा. कागदावर त्यानं सगळं लिहून ठेवलं होतं, वजन, पाणी, सूज. पारखी माणूस, त्यानं बायकोचीही नोंद ठेवली.

घरात एक जुनी डिझेल जीप होती. तीन वर्षं तिनंच हा रस्ता तुडवला. जीपचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि जसोदाबाईच्या आवाजात ओरडण्याएवढा दम उरला नव्हता. म्हणून दोघं बोलतच नसत. गावातून निघताना ती मागच्या सीटवर बसे, कारण गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर तिचा जेठ, म्हणजे सुकलालचा थोरला भाऊ, धुडकू आबा बसलेला असे आणि जेठासमोरून नवऱ्याच्या शेजारी बसून जायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. गाव संपलं की निंबाच्या झाडापाशी सुकलाल जीप थांबवी आणि ती पुढे येऊन बसे. येताना त्याच झाडापाशी ती पुन्हा मागे जाई. चाळीस वर्षांच्या संसारात धुडकू आबानं तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी ती जीपमध्ये चढलीच नाही. ओसरीतच बसून राहिली.

"आते माले तठे लई जाऊ नका," ती म्हणाली.

"काबर? काय व्हयनं?"

"मशीनवर काई व्हत नई माले. त्या गाडीमा जीव जास मन्हा."

सुकलालनं त्या दिवशी कशीबशी समजूत घालून तिला नेलं, आणि रस्ताभर जीपकडे बघत राहिला. खरंच की. डिझेलचा वास, हादरे, चढायला लाकडी पाट ठेवावा लागतो तो वेगळा. तीन वर्षं आपण कसं ओळखलं नाही? त्यानं सुरतेला हेमकांतला फोन लावला आणि सांगितलं, गाडी बघ. मायला सोसेल अशी गाडी बघ.

हेमकांत सुरतेत गाड्यांच्याच धंद्यात होता. त्याच्या कंपनीची एक छोटी नवी गाडी बाजारात यायची होती. विजेवरही चालणारी, पेट्रोलवरही. आणण्याआधी काही घरांत आठवडाभर वापरायला द्यायची आणि त्यांचं मत घ्यायचं असं कंपनीनं ठरवलं होतं. हेमकांतनं आपल्या घराचं नाव पुढे केलं. जानेवारीतल्या एका रविवारी तो आणि त्याची बायको दामिनी ती राखाडी रंगाची गाडी घेऊन अंगणात आले. आले ते कुणाला कळलंच नाही. शेळी बांधलेली होती, तीसुद्धा ओरडली नाही.

"आप्पा, आठवडाभर ठेवा," हेमकांत म्हणाला. "रोज जसा जातस तसाच जा. मंग सांगा कशी शे."

सुकलालनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाली वाकून पोट जमिनीपासून किती वर आहे ते वीत लावून मोजलं. उसाच्या ट्रॉल्यांनी शेताच्या रस्त्याला जी चाकोरी पाडली होती, तिच्यात घासणार नाही एवढं होतं. मागची डिकी उघडली, तर बॅटरीमुळे जागा थोडी कमी, पण जसोदाबाईची उशी, चादर आणि पिशवी आरामात मावत होती. मशीनवर तिला थंडी वाजायची, म्हणून चादर लागायचीच.

"बॅटरी सरनी ते? रस्तामा उभं ऱ्हावानं का?"

"नई आप्पा. साठेक किलोमीटर बॅटरीवर जास. सरनी का पेट्रोलनं इंजिन आपेआप चालू व्हस. माय कोठेच अडकाव नई."

ही शेवटची गोष्ट सुकलालला फार पटली. नुसत्या विजेवरची गाडी त्यानं आधीच नाकारली होती. ओसरीत घरच्या पिठाच्या चक्कीचा प्लग होता, त्यात हेमकांतनं गाडीची वायर लावून दाखवली. रात्रभर लावून ठेवायची, सकाळी गाडी भरलेली. सोबत चार पानांचा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न, रोज सरासरी किती किलोमीटर गाडी चालवता?

"लिख," सुकलाल म्हणाला. "एक दिवस सोडीसन ब्याऐंशी."

हेमकांतनं लिहिलं. जसोदाबाई दारात उभी राहून गाडीकडे बघत होती. घरात नवी गाडी आली की बायका कुंकू लावतात, तसं तिनं लावलं, पण बराच वेळ तिचं बोट बॉनेटवरच राहिलं. दामिनीला वाटलं, सासूबाईंना गाडी आवडली.

सोमवारी सकाळी सुकलालनं पेला काढला. चिंच लावून घासला, माठातल्या पाण्यानं भरला आणि दोन सीटांच्या मधल्या खोबणीत ठेवला. ती खोबण जणू याच पेल्यासाठी केल्यासारखी होती. जसोदाबाई मागे बसली. पाट लागला नाही, एका पावलात आत गेली. निंबाच्या झाडापाशी ती पुढे आली, पट्टा लावला आणि गाडी शहाद्याच्या दिशेनं निघाली.

आवाज नाही. सुकलालला पहिल्यांदा वाटलं, गाडी बंदच पडली. मग रस्त्यावर टायर घासल्याचं ऐकू आलं, पिशवीतल्या गोळ्यांच्या डबीचा खुळखुळाट ऐकू आला, आणि त्याहून जवळून, जसोदाबाईचा श्वास. तिला एवढी धाप लागते हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टर सांगत होते, कागदावर लिहिलेलंही होतं, पण ऐकलं ते आज. लगेच त्यानं मन पेल्याकडे वळवलं.

प्रकाशा गावाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. पेल्यातलं पाणी थरथरलं, काठापर्यंत आलं आणि परत बसलं. उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे रांगत होत्या, सुकलालनं पाय दाबला आणि गाडी न गुरगुरता त्यांच्या पुढे निघून गेली. पेला जागचा हलला नाही. तापीचा पूल ओलांडला. नंदुरबार जवळ आलं तशा रस्त्याकडेला लाल मिरच्यांच्या पथाऱ्या लागल्या, आणि जीपमध्ये इथं दोघांनाही ठसका लागायचा तोही लागला नाही, कारण काचा बंद होत्या. सुकलाल मनातल्या मनात फॉर्म भरत होता. चढउतार, उत्तम. हादरे, नाहीत. वास, नाही.

जसोदाबाई मात्र रस्त्याकडे बघत नव्हती. ती पेल्याकडे बघत होती.

"कशी शे?" त्यानं विचारलं.

"चांगली शे."

"जीव घाबरस का?"

"नई."

येताना निम्म्या वाटेत बॅटरी संपली आणि इंजिन सुरू झालं, तेही इतकं हळू की फक्त सुकलालच्याच कानाला कळलं. मशीनवरून उतरल्यावर जसोदाबाई गळून गेलेली असे, एरवी जीपमध्ये दोनदा तरी ओकायची. आज नाही ओकली. निंबापाशी मागे बसली, आणि गाडी गल्लीत शिरली तेव्हा धुडकू आबा ओट्यावर पाय पसरून बसला होता. जीपचा आवाज दोन शेतांवरून यायचा, त्यामुळे तो पाय आवरून घ्यायचा आणि ती पदर ओढायची. आज दोघांचीही धांदल उडाली.

"कव्हय उनात रे?" धुडकू आबा म्हणाला. "आवाजच नई उना."

सुकलाल हसला. कितीतरी महिन्यांनी हसला असेल. घरी येऊन त्यानं पेला उजेडात धरला. पाणी काठाला बोटभर कमी, सकाळी होतं तिथंच. त्यानं ते तुळशीत ओतलं आणि हेमकांतला फोन करून सांगितलं, एक थेंब सांडला नाही. जसोदाबाई खाटेवर पडून बघत आणि ऐकत होती. तिच्या छोट्या बाटलीत तेव्हा दोन घोट उरले होते आणि झोपेपर्यंत तेच पुरवायचे होते.

बुधवारीही तसंच झालं. जाताना सगळं ठीक. येताना तापीचा पूल ओलांडल्यावर जसोदाबाईनं डोळे उघडले.

"एक बोलू का?"

"बोल ना." आता बोलता येत होतं, ओरडायची गरज नव्हती. सुकलालला त्याचंच कौतुक वाटत होतं.

"गाडी चांगली शे."

"ते पेलानीच सांगं माले."

"जुनी बी चांगली व्हती," ती म्हणाली. "गाडीना काई दोष नव्हता. मी तुम्हले खोटं सांगं."

सुकलालनं वेग कमी केला. त्याला वाटलं, मशीनवरून आल्यावर कधी कधी ती असंबद्ध बोलते, तसं असेल. पण ती सरळ बसली होती, पदर नीट केलेला होता.

"माले आते मशीनवर जावानंच नई शे. तुम्ही इतला जीव लाई ऱ्हायनात, तुम्हले कशी सांगू? म्हनीसन गाडीनं नाव लिधं. माले वाटनं, तशी गाडी काई सापडाव नई. पन पोऱ्यानी आनी दिधी. आते मन्हाकडे बहाना ऱ्हायना नई."

बाहेर पपईची शेतं मागे जात होती.

"सोमवारे मशीन," ती बोटांवर मोजत म्हणाली. "मंगळवारे पडेल ऱ्हास. बुधवारे मशीन. गुरुवारे पडेल. शुक्रवारे मशीन. शनिवारे पडेल. मन्हा वार कोनता, सांगा."

"रविवार शे ना," सुकलाल म्हणाला. म्हणाला आणि त्याचं त्यालाच खुळचट वाटलं.

जसोदाबाई हसली. "रविवारे तुम्ही माले वजनकाटावर उभी करतस."

हे खरं होतं. रविवारी सकाळी तो तिला काट्यावर उभी करायचा, अंगात किती पाणी साठलं ते बघायला, आणि आकडा वाढला तर दिवसभर तिच्या बाटलीवर नजर ठेवायचा. प्रेमानंच करायचा. पण तिच्याजवळ उरलेला एक वार त्यानं असा घालवला होता.

"तू नई गई ते..." सुकलाल म्हणाला.

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. डॉक्टरांनी एकदा दोघांसमोरच सांगितलं होतं, मशीन सुटलं तर आठ दिवस, फार तर पंधरा.

निंबापाशी ती उतरली, मागे बसली आणि घर आलं.

गुरुवारी सुकलालचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दामिनीचा फोन आला, "आप्पा, मायले जमनी का गाडी?" तो म्हणाला, जमली. त्याला सांगायचं होतं, पण सांगितलं तर सुरतेहून सगळे धावत येतील, रडारड होईल, आणि जसोदाबाई पुन्हा मुकाट्यानं गाडीत बसेल. तेच व्हावं असंही त्याला वाटत होतं, आणि ते होऊ नये असंही. राग येत होता तो वेगळाच. एवढं सगळं केलं, तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही, आणि ही म्हणते, माझा वार कोणता.

दुपारी त्यानं पेला भरला, खोबणीत ठेवला आणि गाडी एकटाच शेताकडे नेली. फॉर्ममध्ये कच्च्या रस्त्याचा रकाना होता, तो भरायचा आहे असं त्यानं स्वतःला बजावलं. पण खरं कारण निराळं होतं. कुठेतरी ही गाडी चुकावी, पाणी सांडावं, म्हणजे घरी जाऊन सांगता येईल की हिच्यातही दोष आहे, थांब, अजून दुसरी बघू, तोवर चल. बहाना त्याला परत हवा होता. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

उसाच्या चाकोरीत त्यानं गाडी घातली. पेला डुलला, सांडला नाही. पाटचारीच्या उंचवट्यावरून नेली. नाही सांडला. मग या माणसानं, ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या बैलालाही टाच मारून चाल बिघडवली नव्हती, त्यानं काय करावं? केळीच्या बांधापाशी वेग वाढवला आणि गचकन ब्रेक मारला. पेला उलटला. पाणी त्याच्या मांडीवर सांडलं.

क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली. गाडी बंद करून तो तिथंच बसला, आणि केळीच्या पानांची सळसळ ऐकत खूप रडला. बाजारात त्यानं कधी खोटी पारख केली नव्हती, आणि आज बायकोला अडवून ठेवायला केली. रडून झाल्यावर त्याला पहिल्यांदाच त्या पेल्याची दुसरी बाजू दिसली. ज्या बाईला तीन वर्षं घोट मोजून पाणी मिळतं, तिच्या हाताशी त्यानं दोन दिवस भरलेला पेला ठेवला होता. एक थेंब सांडला नाही म्हणून फुशारकी मारली होती, आणि घरी येऊन ते पाणी तिच्या डोळ्यांदेखत तुळशीत ओतलं होतं.

घरी आला तेव्हा पायजमा ओलाच होता. जसोदाबाई खाटेवर उठून बसली.

"सांडनं का पानी?"

ओठांवर उत्तर तयार होतं. हो, सांडलं, गाडीत दोष आहे.

"मी सांडं," सुकलाल म्हणाला.

तिनं मान हलवली आणि त्याला बदलायला कोरडा पायजमा काढून दिला.

शुक्रवारी सकाळी सुकलाल कपडे घालून बाहेर आला तेव्हा पेला घासून भरून ठेवलेला होता. जसोदाबाईनं भरला होता. काठाला बोटभर कमी. तिनंच तो दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेला आणि खोबणीत ठेवला. जायचं की नाही हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पिशवी, चादर, उशी नेहमीसारखी डिकीत गेली. निंबाशी ती पुढे आली. शहादा गेलं, प्रकाशा आलं.

"पूल वलांडा आनि बाजूले उभी करा," ती म्हणाली.

त्यानं पूल ओलांडून कडेला गाडी लावली. इथून तापीचं पात्र दिसत होतं, थंडीतलं भरलेलं, रुंद, संथ. गाडीत कसलाच आवाज नव्हता. जीप असती तर धडधडत राहिली असती आणि त्या धडधडीत माणसाला काहीतरी करता आलं असतं. समोर नंदुरबार सत्तावीस किलोमीटर होतं. साडेदहाला मशीन रिकामं व्हायचं होतं.

जसोदाबाईनं पेला उचलला.

सुकलालचा हात पुढे गेला. तीन वर्षांची सवय ती, आपोआप गेला. त्यानं तिचं मनगट धरलं, जिथं सुया टोचून टोचून शीर दोरासारखी फुगली होती, तिथं. मशीनसाठी जोडून घेतलेल्या त्या शिरेतल्या रक्ताची नेहमीची थरथर त्याच्या बोटांना लागली. तिनं हात ओढून घेतला नाही. त्याच्याकडे बघत राहिली, जशी गिऱ्हाईकं निकालासाठी त्याच्याकडे बघायची तशी.

त्यानं हात सोडला.

ती प्याली. घोट घोट नाही, शेतातून आलेलं माणूस पितं तशी, मान मागे करून, घटाघटा. गळ्याची हालचाल त्याला दिसत होती, आवाज ऐकू येत होता. थोडं पाणी हनुवटीवरून पदरावर ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. पेला रिकामा झाल्यावर तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"गोड शे," ती म्हणाली.

सुकलालनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत तसाच राहू दिला. मग त्यानं तोंड पुसलं, मागून काही येत नाही ना ते बघितलं आणि गाडी वळवली. तोंड लोणखेड्याकडे झालं. एवढ्या अरुंद जागेत एका दमात वळली, हेही त्याच्या लक्षात आलंच. काही सवयी माणसाला दुःखातही सोडत नाहीत.

निंबाच्या झाडापाशी त्यानं वेग कमी केला.

"नको," जसोदाबाई म्हणाली.

गाडी न थांबता गल्लीत शिरली. धुडकू आबा ओट्यावर होता. तिनं पदर डोक्यावर ओढला, जेठाचा मान होता तेवढा ठेवला, पण ती पुढेच बसली होती, नवऱ्याच्या शेजारी. म्हाताऱ्यानं तिला पाहिलं, मग घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं. ही वेळ त्यांच्या परतण्याची नव्हती. त्याला कळलं असावं. त्यानं पाय आवरून घेतले आणि गाडी पुढे जाईपर्यंत खाली बघत बसला.

त्या दुपारी तिनं अर्धं केळं खाल्लं. उरलेलं अर्धं सुकलालनं खाल्लं. वजनकाटा त्यानं उचलून माळ्यावर टाकला.

शनिवारी सकाळी हेमकांत गाडी न्यायला आला. फॉर्म ओसरीत पडला होता. पहिल्या रकान्यात ब्याऐंशी लिहिलं होतं, त्यावर कुणीतरी एकच रेघ मारली होती. बाकी पानं कोरी होती. हेमकांत गाडीचं दार उघडून आत बघत होता.

"आप्पा, पेला ते आठेच ऱ्हायना," तो म्हणाला. त्यानं पेला उचलला, उलटा करून बघितला आणि त्याला हसू आलं. "खाली शे. काल सांडनं वाटस पानी. मंग गाडी नापास का?"

सुकलाल पायरीवर बसला होता. आत खाटेवर जसोदाबाई झोपली होती, गुरुवारसारखी गळून नाही, नुसतीच झोपली होती.

"गाडी पास शे," तो म्हणाला. "थेंब सांडना नई."

"मंग पानी कथं गयं?"

"तुन्ही मायनी पिधं."

हेमकांतच्या चेहऱ्यावर हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं हातातल्या पेल्याकडे बघितलं, त्याचं माप मनात धरलं, आणि तो बापाच्या शेजारी पायरीवर बसला.